पंचेचाळीस मीटरची तबकडी आणि वारा

वाशिमचं आकाशाच्या गणिताशी नातं जुनं आहे. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांनी ‘महाभास्करीय’मध्ये रेखांश मोजण्याच्या उज्जयिनीच्या मध्यरेषेवरची जी गावं दिली, त्यांत वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशिम आहे. शहरातलं मध्यमेश्वराचं मंदिर याच रेषेशी जोडलं जातं.

तेव्हा प्रश्न आकाशातले कोन मोजण्याचा होता. जुन्नर तालुक्यात खोडदला आज प्रश्न कोन धरून ठेवण्याचा आहे.

तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाची. पृथ्वी फिरते म्हणून आकाशातला स्रोत ताशी 15 अंशांपर्यंत सरकतो. 21 सेंटिमीटर तरंगलांबीवर तबकडीची नजर जेमतेम 24 कलांची, म्हणजे अर्ध्या अंशाहून कमी. ती थांबली, तर दोन मिनिटांच्या आत स्रोत निसटेल.

म्हणून तबकडी सतत वळवत ठेवायला सर्वो मोटर. तबकडी प्रत्यक्षात कुठे आहे हे एन्कोडर सांगतो. हवा असलेला कोन आणि हा कोन यांतला फरक म्हणजे चूक. पीआयडी नियंत्रण या चुकीकडे तीन अंगांनी पाहतं: आत्ता किती आहे (पी), आजवर किती साचली (आय), किती वेगाने बदलतेय (डी). निकोलस मिनोर्स्कीने 1922 मध्ये जहाजाच्या सुकाणूसाठी हे गणित मांडलं.

खरी कसोटी ट्यूनिंगची, म्हणजे या तिघांना किती वजन द्यायचं ते ठरवण्याची. पी वाढवला की हालचाल चपळ होते. फार वाढवला तर यंत्र जागा ओलांडून मागेपुढे डोलत राहतं. आय वाऱ्याचा सततचा रेटा भरून काढतो, पण अति झाला तर लक्ष्य गाठल्यावरही ढकलतच राहतो. डी डोलणं आवरतो, मात्र एन्कोडरच्या बारीकशा गोंधळानेही बिथरतो. झिग्लर आणि निकोल्स यांची ट्यूनिंगची 1942 ची प्रसिद्ध रीत यंत्राला मुद्दाम सतत डोलण्याच्या काठावर नेते. एवढ्या मोठ्या, स्वतःच्या लयीत कंप पावणाऱ्या सांगाड्यावर तो प्रयोग करणं धोक्याचं.

इथे जीएमआरटीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेला दाद द्यावी लागते. त्यांनी तबकडीला पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर बारीक तारांची जाळी दिली. वारा तिच्यातून बराचसा आरपार जातो आणि मोटरचं काम हलकं होतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मदतीने घडलेल्या सर्वो यंत्रणेत प्रत्येक अक्षाला दोन मोटर आहेत. त्या एकमेकींविरुद्ध थोडा ताण धरतात, त्यामुळे गिअरच्या दात्यांतली ढिलाई उरत नाही. ही ढिलाई कुठल्याही पीआयडीच्या आकड्यांनी पुरती जात नाही. चांगलं ट्यूनिंग लोखंडापासूनच सुरू होतं, ते असं.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. वाशिमच्या शाळांनी आपल्या विद्यार्थ्यांना एकदा तिथे जरूर न्यावं.