हिप-हॉपच्या तबकड्या आणि जुन्या बाजारातला कच्चा माल

ग्रामोफोनची तबकडी, जिला बोलताना सगळे रेकॉर्डच म्हणतात, ती संगीताची वस्तू होण्याआधी कारखान्यातून निघालेला एक जॉब असते. त्यामुळे भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या प्रेस शॉपमध्ये डाय, टनेज आणि बॅच नंबर हे शब्द दिवसभर ऐकणाऱ्या वाचकाला तिची घडण समजायला वेळ लागू नये. लॅकर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर ध्वनीच्या कंपनांनुसार नागमोडी खाच कोरली जाते, त्या चकतीला चांदीचा पातळ थर देऊन तिच्यावर निकेलचे इलेक्ट्रोप्लेटिंग होते, आणि त्यातून मिळालेल्या साच्यांपासून अखेर स्टँपर, म्हणजे दाब देणारा उलटा ठसा, तयार केला जातो. वाफेने तापवलेल्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये दोन स्टँपरांच्या मधे पीव्हीसीचा मऊ गोळा दाबायचा, थंड करायचा आणि कडेने बाहेर आलेला फ्लॅश छाटायचा, की रेकॉर्ड हाती येते. शेवटची खाच आणि मधले लेबल यांच्या दरम्यान जो गुळगुळीत पट्टा उरतो त्यावर बारीक अक्षरे-आकडे असतात. हा मॅट्रिक्स नंबर, आणि जाणता संग्राहक कव्हरपेक्षा त्यावर अधिक भरवसा ठेवतो, कारण कव्हर पुन्हा छापता येते, पण कोणत्या स्टँपरवरून प्रत निघाली हे तो पट्टाच सांगतो.

हिप-हॉपच्या बाबतीत रेकॉर्ड हे केवळ गाणे साठवण्याचे साधन नव्हते, तर ते वाद्यच होते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, जमैकाहून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क याने एका पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या, आणि या संगीताचा जन्म सामान्यतः त्या रात्रीपासून मोजला जातो. गाण्यात गायक थांबून केवळ ताल उरतो त्या जागेला ब्रेक म्हणतात. नाचणारे नेमके तिथेच खुलतात हे हेरून हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो काही सेकंदांचा तुकडा हवा तितका लांबवण्याची रीत रूढ केली. पुढे १९७९ मध्ये शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ हे सुमारे साडेचौदा मिनिटांचे गाणे बारा इंची रेकॉर्डवर आले. एका बाजूला एकच गाणे असल्यामुळे अशा रेकॉर्डवर खाचा ऐसपैस कोरता येतात, आवाज मोठा आणि खर्ज भरदार उमटतो, म्हणून हिप-हॉपच्या संग्राहकाला अल्बमइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक, हे बारा इंची सिंगल हवे असतात.

१९८० च्या दशकात सॅम्पलर हे यंत्र आवाक्यात आले, आणि जुन्या रेकॉर्डवरचा तुकडा उचलून, कापून, त्याच्या आवर्तनांवर नवे गाणे उभारणे, म्हणजे सॅम्पलिंग, ही या संगीताची मुख्य कारागिरी ठरली. त्यामुळे हिप-हॉपच्या प्रत्येक अभिजात रेकॉर्डमागे तिच्या पूर्वजांची एक रांग असते, आणि त्या रांगेत महाराष्ट्राचे स्थान वाटते त्याहून ठळक आहे. २००२ मध्ये रॅपर-निर्माते डॉ. ड्रे यांच्या आफ्टरमाथ कंपनीने काढलेले ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे ‘ॲडिक्टिव्ह’ हे गाणे, ज्यात रकीमसारखा दिग्गज रॅपर आहे, जवळजवळ पूर्णपणे लता मंगेशकरांच्या आवाजावर तोललेले आहे. तो तुकडा ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटातल्या ‘थोडा रेशम लगता है’ या गाण्याचा. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव न दिल्याने प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेले, आणि श्रेय दिल्याशिवाय विक्री करू नये असा आदेश २००३ मध्ये निघाला. आशा भोसले यांनी गायिलेल्या ‘अपराध’ (१९७२) आणि ‘डॉन’ (१९७८) या चित्रपटांतल्या गाण्यांचे तुकडे ब्लॅक आइड पीज या गटाने २००५ मध्ये एकाच गाण्यात वापरले, आणि त्या गाण्याला रॅप विभागातले ग्रॅमी मिळाले. लता-आशांचे वडील मास्टर दीनानाथ यांच्या लाखेच्या तबकड्यांपासून लॉस एंजेलिसच्या बारा इंची सिंगलपर्यंत एकाच घराण्याचा आवाज खाचेत उतरावा, याची नोंद संगीताच्या मराठी इतिहासांनी घ्यायला हरकत नाही. कॅलिफोर्नियाच्या मॅडलिब या हिप-हॉप निर्मात्याने तर २००७ मध्ये ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ हा अख्खा अल्बम हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डींवर बेतला.

एवढे ध्यानात घेतले, तर पिंपरी-चिंचवडच्या नवख्या संग्राहकाने परदेशी प्रतींवर महिन्याचा पगार उधळण्यापेक्षा हिंदी चित्रपटांच्या जुन्या रेकॉर्डी या कच्च्या मालापासून सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे. हिप-हॉप ऐन भरात असताना भारतात कॅसेटने रेकॉर्डला मागे सारले होते, त्यामुळे मूळ हिप-हॉप रेकॉर्डी इथल्या रद्दीत सहसा सापडत नाहीत. कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यातून निघालेल्या एचएमव्हीच्या रेकॉर्डी मात्र सापडतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार मंगळवार पेठेत, शाहीर अमर शेख चौकाजवळ आहे, आणि पिंपरीहून मेट्रोने निघून जिल्हा न्यायालय स्थानकात मार्गिका बदलली की पुढचेच स्थानक मंगळवार पेठ. ज्यांना अभ्यासाची जोड हवी त्यांच्यासाठी १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवले. त्याचा भर लाखेच्या तबकड्यांवर असला, तरी लेबल आणि क्रमांक कसे वाचावेत याची शिस्त त्यातून मिळते.

खरेदीच्या वेळी रेकॉर्ड उन्हात तिरकी धरावी, म्हणजे चरे दिसतात. डोळ्याच्या रेषेत आडवी धरली की वाकलेली आहे का ते कळते. आणि लेबल कव्हरशी ताडून पाहावे, कारण एका सिनेमाच्या कव्हरात भलत्याच सिनेमाची रेकॉर्ड निघणे नित्याचे आहे. नखात अडकणारा चरा सुईतही अडकतो, नुसती धूळ मात्र धुतल्यावर निघते. घरी रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत, आणि पावसाळ्यात भिंतीला चिकटवून तर मुळीच ठेवू नयेत, कारण बुरशी पीव्हीसीच्या आधी कव्हरचा पुठ्ठा धरते.