कार्यालयात गेलेली हयात

जालन्यातील महाविद्यालयांचा इतिहास लिहिताना संस्थापक, प्राचार्य आणि प्राध्यापक यांची नावे आपोआप येतात. ज्यांनी तिथेच पदवी घेतली आणि पुढे तिथल्याच कार्यालयात हयात घालवली, त्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची दखल मात्र निरोप समारंभापुरतीच राहते, आणि ही उणीव लहान नाही. मराठवाडा विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी स्थापन झाले, आणि जालना एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, म्हणजे शहराच्या तोंडी असलेले जेईएस, त्याच वर्षीचे. निजामी राजवटीत उच्च शिक्षणासाठी हैदराबादकडे पाहावे लागलेल्या या भागात कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरांतले पहिले पदवीधर अशाच महाविद्यालयांतून बाहेर पडले, आणि त्यांतले काही जण कनिष्ठ लिपिक होऊन त्याच इमारतीत परतले.

कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, मुख्य लिपिक, मग अधीक्षक आणि जागा मंजूर असेल तर प्रबंधक, अशी ही चढण असून 1984 च्या प्रमाण संहितेने, म्हणजे शिक्षकेतर सेवाशर्तींच्या नियमांनी, ती बांधलेली आहे. वयाच्या 58 व्या वर्षी ती संपते. पदे बदलतात, पण कामाचा कणा असते जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जात, आधीची शाळा आणि महाविद्यालय सोडल्याचे कारण एका ओळीत धरणारी प्रवेशाची मूळ नोंदवही. तिच्यात खाडाखोड चालत नाही. चूक झालीच तर लाल शाईने एक रेघ मारून, मूळ अक्षर वाचता येईल असे ठेवून, वर दुरुस्ती लिहायची आणि शेऱ्याच्या रकान्यात प्राचार्यांची सही घ्यायची, ही शिस्त जुना लिपिक नव्याला हात धरून शिकवतो.

या शिस्तीची किंमत दुबार टीसी, म्हणजे महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत, मागायला आलेल्या माणसासमोर कळते. मंठा किंवा भोकरदनच्या खेड्यातून आलेला पन्नाशीचा अर्जदार हातात शपथपत्र घेऊन उभा असतो, पण प्रवेशाचे वर्ष त्याला आठवत नाही. अशा वेळी त्याच महाविद्यालयात शिकलेला लिपिक बारावीचे वर्ष, ऐच्छिक विषय, त्या वेळचे प्राचार्य असे एकेक विचारत दोन-तीन वर्षांच्या टप्प्यावर येतो, मग रजिस्टरची ओळ टीसी पुस्तकाच्या स्थळप्रतीशी आणि विद्यापीठाच्या निकालपत्रकाशी ताडून पाहतो आणि तिन्ही जुळल्यावरच शिक्का उचलतो. ही ओळख कोणत्याही संगणकप्रणालीत भरता येत नाही. महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचे राज्य शासनाचे संकेतस्थळ, आल्यावर कागद कमी झाले खरे. परंतु आधारवरील नाव आणि टीसीवरील नाव यांत फरक असला की विद्यार्थी पुन्हा त्याच टेबलापाशी येतो. 2012-13 सारख्या दुष्काळी वर्षात फी भरायला दिलेली चार आठवड्यांची सवड किती मुलामुलींचे शिक्षण तगवते, हे याच टेबलावरच्या माणसाला नेमके ठाऊक असते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मधील कलम 97 नुसार महाविद्यालय विकास समितीवर निवडून आलेला एक शिक्षकेतर कर्मचारी असतो, तसेच स्थानिक सदस्यांपैकी किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. तिथेच शिकलेल्या निवृत्त अधीक्षकाकडे या दोन्ही बाजूंचे ज्ञान असते, आणि माजी विद्यार्थ्याची ती जागा भरताना जालन्यातील संस्थांनी त्याचे नाव आधी विचारात घ्यायला हवे.