कन्सोल पहिल्याच दिवशी घ्यावा का? गैरसमज आणि वस्तुस्थिती

“लाँचलाच घ्यायचा. सगळे भारी गेम तेव्हाच येतात. मागून घेतला की दुसऱ्यांचं उष्टं खेळायचं.”

नवा कन्सोल जाहीर झाला की परभणीत हे वाक्य ऐकू येतंच. २०२१ मध्ये सोनीच्या पीएस ५ च्या वेळी ऐकलं, जून २०२५ मध्ये निन्टेंडो स्विच २ आला तेव्हा ऐकलं, आणि जीटीए ६ या गेमचा विषय निघाला की अजूनही ऐकतो. सांगणारा इतक्या ठामपणे सांगतो की समोरच्याला शंका विचारायचाही संकोच वाटतो. बहुतेक घरांत तो समोरचा म्हणजे पैसे देणारा बाप असतो.

आधी पैशाचं बोलू. पीएस ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला, डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,८८० रुपये होता. जिंतूर किंवा मानवतच्या शेतकऱ्याच्या घरात हे मशीन आणायचं तर जवळपास १३ क्विंटल सोयाबीन मोडावं लागत होतं, तेही हमीभाव पूर्ण हातात पडला तर. एवढ्या रकमेचा निर्णय ऐकीव वाक्यावर होतो, म्हणून मला या वाक्याचा राग येतो.

आता ते ‘सगळे भारी गेम’ कोणते होते ते बघू. पीएस ५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला. सोबत सर्वात जास्त जाहिरात झालेला गेम होता ‘स्पायडर-मॅन: माइल्स मोरालेस’. तो त्याच दिवशी जुन्या पीएस ४ वरही मिळत होता. ‘सॅकबॉय’ही पीएस ४ वर होता. कन्सोलपैकी फक्त पीएस ५ वर येणार म्हणून गाजवलेला ‘गॉडफॉल’ नऊ महिन्यांत, ऑगस्ट २०२१ मध्ये, पीएस ४ वर आला. ‘डिस्ट्रक्शन ऑलस्टार्स’ पहिल्या दिवशीच्या यादीत होता. आपल्याकडे त्याची किंमत ४,९९९ रुपये जाहीर झाली होती. तो ऐन वेळी पुढे ढकलला गेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस प्लसच्या वर्गणीदारांना वेगळे पैसे न घेता देण्यात आला. मग खरोखर फक्त पीएस ५ वरच खेळता येईल असं सोनीचं मोठं काय उरलं? ‘डीमन्स सोल्स’, तोही २००९ च्या पीएस ३ वरच्या गेमची नव्याने घडवलेली आवृत्ती. गेम उत्तम आहे, पण इतका कठीण की पहिल्यांदा कंट्रोलर हातात धरणारा मुलगा तासाभरात तो बाजूला ठेवेल. शिवाय ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’, जो मशीनमध्येच भरलेला येतो. तो छोटा गेम मला फार आवडतो. पण त्यानंतर विकल्या गेलेल्या पीएस ५ मध्येही तो येतोच, त्यामुळे थांबणाऱ्याचं काही बुडालं नाही.

आणि हे पहिल्या दिवसापुरतंच नव्हतं. जून २०२० मध्ये पीएस ५ ची ओळख करून देताना सोनीने ज्यांची झलक दाखवली त्यांत ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ आणि ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ होते. पहिला फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, दुसरा मार्च २०२२ मध्ये, आणि दोन्ही पीएस ४ वरही आले. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक’ नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, तोही दोन्हीकडे. म्हणजे नवं मशीन बाजारात येऊन दोन वर्षं झाली तरी जुना पीएस ४ सांभाळून बसलेला पूर्णेचा पोरगा यातलं काहीच चुकवत नव्हता. चित्र थोडं कमी रेखीव, लोडिंगला जास्त वेळ, एवढाच फरक. ‘रिटर्नल’ आणि ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’ हे फक्त पीएस ५ साठीचे गेम २०२१ मध्ये आले, हे मान्य. त्यासाठी पन्नास हजार मोजणं ज्याला परवडतं त्याने खुशाल मोजावेत.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचं तर याहून वाईट झालं. नोव्हेंबर २०२० मध्ये सिरीज एक्स भारतात जगाबरोबरच आला, किंमत तीच ४९,९९० रुपये. ज्या ‘हेलो इन्फिनिट’च्या नावावर तो विकायचा होता तो गेम लाँचच्या तीन महिने आधी पुढे ढकलला गेला आणि ८ डिसेंबर २०२१ रोजी आला. जुन्या एक्सबॉक्स वनवरही आला.

असं का होतं, हे एकदा नीट समजून घेतलं की दर वेळी फसायला होत नाही. मोठा गेम करायला चार-पाच वर्षं लागतात आणि खर्च शेकडो कोटींत जातो. नवा कन्सोल येतो त्या दिवशी तो कोणाच्याच घरात नसतो. पीएस ५ आला तेव्हा जगात ११ कोटींहून जास्त पीएस ४ विकले गेले होते. कोणता प्रकाशक एवढं गिऱ्हाईक सोडून रिकाम्या घरासाठी गेम काढेल? त्यात नव्या मशीनचं अंतिम रूप गेम करणाऱ्यांच्या हाती उशिरा पडतं, त्याच्या चिपमधून पुरती ताकद काढायला शिकण्यात पहिली दोन-तीन वर्षं जातात. म्हणून पहिल्या दिवशीची यादी बहुतेक वेळा जुन्याच गेमच्या चकचकीत आवृत्त्यांची असते.

उलट बाजू बघा. पीएस ३ आला २००६ मध्ये. त्यावरचे सर्वाधिक नावाजलेले ‘द लास्ट ऑफ अस’ आणि ‘जीटीए ५’ आले २०१३ च्या जून आणि सप्टेंबरमध्ये, आणि नोव्हेंबरात पीएस ४ बाजारात आला. पीएस ४ भारतात जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० रुपयांना मिळायला लागला, तेव्हा सोनीचे स्वतःचे गेम होते ‘नॅक’ आणि ‘किलझोन’. आज त्यांची आठवण कोण काढतं? ज्यासाठी लोक पीएस ४ ला मानतात ते ‘गॉड ऑफ वॉर’ आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ २०१८ मध्ये आले.

आणि आपल्या माणसांनी, आपल्या मातीतल्या विषयावर केलेले गेम तर आणखी उशिरा येतात. पीएस २ जपानात मार्च २००० मध्ये निघाला. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि कबड्डी, पतंग असे खेळ असलेला ‘देसी अड्डा’ त्यावर आले २००९ मध्ये, दोन्ही हैदराबादच्या कंपन्यांनी केलेले. मशीन स्वस्त होऊन आपल्या घरांत शिरल्याशिवाय आपल्यासाठी गेम करणं कोणालाच परवडत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ ऑक्टोबर २०२० मध्ये पीएस ४ वर आला, म्हणजे पीएस ४ जुना व्हायला एक महिना उरला असताना. त्याआधी, ऑगस्टमध्ये, तो पहिल्यांदा आला होता निन्टेंडो स्विचवर, जे मशीन निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. महाराष्ट्रात घडलेला गेम महाराष्ट्रातल्या पोरांना दोन महिने थांबून खेळावा लागला.

तेव्हा ‘उष्टं’ हा शब्द माझ्यासमोर कोणी वापरू नये. नव्वदच्या दशकात मराठवाड्यात जे कॅसेटवाले व्हिडिओ गेम घरोघर आले ते १९८३ च्या जपानी मशीनच्या नकला होत्या. पार्लरमध्ये रुपया टाकून ज्याला आपण ‘मुस्तफा’ म्हणायचो तो १९९३ चा गेम कितीतरी वर्षं पुरला. मारिओ आणि कॉन्ट्रा उशिरा आले म्हणून त्यांचा आनंद कमी पडला असं त्या पिढीतलं कोणी म्हणणार नाही.

अपवाद आहेत. ‘मारिओ ६४’ १९९६ मध्ये मशीनबरोबरच आला आणि त्याने त्रिमितीय गेम कसे असावेत हेच ठरवलं. मार्च २०१७ मध्ये पहिल्या स्विचबरोबर आलेला ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा मी लाँचच्या बाजूने देईन असा सर्वात भक्कम पुरावा. पण तो गेमही त्याच दिवशी निन्टेंडोच्या आधीच्या वी यू वर मिळत होता.

स्विच २ कडे या नजरेने बघा. ५ जून २०२५ ला त्यासोबत ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा एक मोठा नवा गेम आला, आणि बाकी यादीत ‘सायबरपंक २०७७’, ‘हॉगवर्ट्स लेगसी’ असे आधी इतरत्र खेळून झालेले गेम भरले होते. अमेरिकेत मशीनची किंमत तेव्हा ४४९.९९ डॉलर होती. आपल्याकडे येतं ते परस्पर मागवलेलं, त्यामुळे निन्टेंडोची भारतातली हमी त्याला नाही. त्याच्या कित्येक गेमच्या डब्यात ‘गेम-की कार्ड’ असतं, त्या कार्डात गेम नसतो, फक्त उतरवून घेण्याची किल्ली असते. हे निन्टेंडोने डब्यावर छापलेलंही आहे, वाचून घ्या.

उतरवून घेण्याचं गणित परभणीत बसून करावं लागतं. शंभर जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाइनवर, वेग एकदाही न पडता, साडेपाच तास घेतो. घरी ब्रॉडबँड नसेल आणि मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर भागवायचं असेल तर त्याच गेमला ५० दिवस. सोनपेठ-पालमच्या गावांतून हा विचार आधी करा. पीएस ५ चं बिनडिस्कचं मॉडेल दहा हजारांनी स्वस्त दिसतं, पण त्यावर मित्राची डिस्क चालत नाही, जुनी विकत घेता येत नाही, खेळून झाल्यावर विकताही येत नाही. आपल्याकडे दोघा-चौघांत डिस्क फिरते, त्यामुळे हे दहा हजार लवकरच वसूल होतात.

दुसरा गैरसमज याच्या अगदी उलटा आहे, आणि तोही तितकाच पसरलेला: थांबलं की मशीन स्वस्त होतंच. एके काळी व्हायचं. निन्टेंडोचा थ्रीडीएस २०११ मध्ये अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आला आणि सहा महिन्यांच्या आत १६९.९९ वर उतरला. पीएस ५ च्या बाबतीत तसं झालं नाही. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये किंमत ४९,९९० वरून ५४,९९० झाली, अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी ५० डॉलर चढले. मधे सवलतीचे दिवस येतात, तेव्हाच घ्यावा. पण थांबण्यातला खरा फायदा मशीनच्या किमतीत नाही, गेमच्या किमतीत आहे. ४,९९९ चा गेम वर्ष-दोन वर्षांत सवलतीत निम्म्यावर येतो, आणि निवडायला यादी मोठी असते.

उन्हाबद्दल कोणी बोलतच नाही. सोनीने पीएस ५ साठी दिलेलं वापराचं तापमान ५ ते ३५ अंश आहे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असतो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. मशीन शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका, मागे हात जाईल एवढी जागा सोडा, कूलरच्या ओल्या झोताखाली तर अजिबात नको. नव्या मशीनच्या पहिल्या खेपेत दोष असतील तर ते अशाच परीक्षेत उघडे पडतात. एक्सबॉक्स ३६० बिघडला की पेटणारे लाल दिवे आठवा. जुलै २००७ मध्ये, म्हणजे मशीन येऊन दीड वर्ष उलटल्यावर, मायक्रोसॉफ्टने हमी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘पीएस ४ च्या डिस्क फेकून द्याव्या लागतात’: नाही, डिस्कवाल्या पीएस ५ वर पीएस ४ चे जवळजवळ सगळे गेम चालतात. ‘८के टीव्ही लागतो’: नाही, घरातला साधा एचडीएमआय टीव्ही चालतो. ‘आत्ता नाही घेतला तर पुन्हा मिळणारच नाही’: २०२१ मध्ये हे खरं होतं, जगभर चिपची टंचाई होती आणि भारतातली पहिली नोंदणी काही मिनिटांत संपली, पण नंतर मशीन दुकानात सहज मिळायला लागलं, आणि मधल्या काळात ज्यांनी दलालाला वरचे पैसे दिले त्यांचे ते गेले. ‘नवीन म्हणजे प्रो घ्या’: पीएस ५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये जगात आला तेव्हा भारतात आलाच नाही, कारण त्याच्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा इथे खुला नव्हता, असं सोनीनेच सांगितलं होतं.

राहिला जीटीए ६. त्यासाठी मशीन घेऊन ठेवलेली मुलं मला माहीत आहेत, म्हणून हे तारखांसकट सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये पहिली झलक आली तेव्हा गेम करणाऱ्या रॉकस्टारने २०२५ साल सांगितलं. मे २०२५ मध्ये ते २६ मे २०२६ झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६ झालं. पीएस ५ ची भारतातली हमी एक वर्षाची आहे, आणि ती गेम आल्याच्या दिवसापासून नाही, बिलावरच्या तारखेपासून मोजली जाते. पहिली झलक बघून ज्याने मशीन घेतलं त्याची हमी गेम यायच्या जवळजवळ दोन वर्षं आधीच संपलेली असेल.