एका फुटात एक

घरातल्या एका लादीएवढी जमीन डोळ्यांसमोर आणा. एक फूट लांब, एक फूट रुंद. तिच्याखाली एक गांडूळ आहे असे धरू. एकच.

हा अंदाज फार सावध आहे. एकोणिसाव्या शतकात व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने बागेतली गांडुळे मोजली, तेव्हा एकरी ५३,७६७ असा हिशेब निघाला होता, म्हणजे चौरस फुटाला सव्वा. सुपीक कुरणात याच्या दसपटही सापडतात. तरीही आपण एकच धरू आणि ते एक गांडूळ घेऊन ओरोसहून, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सिंधुदुर्गनगरी या मुख्यालयाहून, निघू.

कोकणात जमिनीची गोष्ट गुंठ्यात होते. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हा गुंठ्यात गांडुळे १,०८९. लहानमोठी मिळून एकाचे वजन अर्धा ग्रॅम धरले, तर सगळ्यांचे मिळून जेमतेम अर्धा किलो भरेल. एवढ्याशा वजनाने मातीचे काय भले होणार, असे कोणालाही वाटेल.

आता जिल्हा घेऊ. सिंधुदुर्गचे क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर. त्यातले कातळाचे सडे, खाड्या, रस्ते, घरे यांच्यासाठी सरळ अर्धा जिल्हा सोडून देऊ. उरलेल्या अर्ध्यात फुटाला एक या दराने गांडुळे होतात २,८०० कोटी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. म्हणजे माणशी सुमारे ३३ हजार गांडुळे. पाळण्यातल्या बाळाच्या नावावर ३३ हजार आणि काठी टेकत चालणाऱ्या आजीच्या नावावरही तेवढीच. या गांडुळांचे एकूण वजन १४ हजार टन होते. सरासरी पन्नास किलो धरून जिल्ह्यातली सगळी माणसे तागडीत घातली, तर गांडुळांचे पारडे त्यांच्या एकतृतीयांश भरेल. ओळख ना देख असलेला हा शेजार आपल्या पायाखाली नांदतो आहे.

प्रत्येक गांडुळाने फक्त वीतभर, वीस सेंटिमीटर, बीळ केले असे समजा. गुंठ्यात दोनशे मीटरहून लांब बोगदा झाला. अर्ध्या जिल्ह्यातली बिळे एकापुढे एक जोडली, तर लांबी होते ५६ लाख किलोमीटर. चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. तिथे सात वेळा जाऊन परत यावे आणि तरी थोडे बीळ शिल्लक राहावे, एवढी ही लांबी आहे.

ही बिळे कशासाठी मोलाची, ते पावसाचा हिशेब मांडला की कळते. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस धरू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. एका गुंठ्यावर वर्षाला तीन लाख लिटर पाणी पडते, दहा हजार लिटरचे तीस टँकर. सगळ्या जिल्ह्यावर पडते ते साधारण ५५० टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. कोयना धरणाची साठवणक्षमता १०५ टीएमसी आहे. म्हणजे दरवर्षी पाच कोयना भरून पाणी या चिंचोळ्या जिल्ह्यावर कोसळते, तेही बहुतेक चार महिन्यांत. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र जवळ, उतार तीव्र. ज्या पाण्याला जमिनीत शिरायला वाट मिळत नाही, ते व्हाळातून खाडीत आणि खाडीतून दर्यात जाते, जाताना वरची लाल माती घेऊन जाते. मग एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो. जिवंत मातीतले प्रत्येक बीळ म्हणजे या पाण्याला दिलेली एक वाट. धरण बांधायला सरकार लागते. गुंठ्यातली हजार बिळे गांडुळे स्वतःच खणतात, त्यांना फक्त खाणे आणि ओल लागते.

या कामाची मोजदाद करण्यात चार्ल्स डार्विनने आयुष्यातला मोठा काळ घालवला. १८३७ मध्ये त्याने लंडनच्या भूगर्भशास्त्र सभेत गांडुळांवर पहिला निबंध वाचला. १८४२ मध्ये आपल्या घराजवळच्या एका शेतात त्याने खडूचे तुकडे पसरले आणि २९ वर्षे वाट पाहिली. १८७१ मध्ये चर खणला, तेव्हा खडूची रेघ सात इंच खाली सापडली. गांडुळांनी खालची माती पोटातून वर आणून टाकली होती आणि खडू वर्षाला सहा मिलिमीटर या वेगाने गाडला गेला होता. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एकरी दहा टनांहून अधिक कोरडी माती दरवर्षी गांडुळांच्या शरीरातून जाते, असे त्याने गांडुळांवरच्या पुस्तकात लिहिले. आपल्या गुंठ्याला ते २६३ किलो पडतात, पन्नास किलोची पाच पोती भरून. हे पुस्तक १८८१ मध्ये निघाले आणि पुढच्याच वर्षी डार्विन गेला. पुस्तक निघाले त्या वर्षानंतर शंभर वर्षांनी, १ मे १९८१ रोजी, रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. डार्विनच्या शेतातली गती इथे असती, तर जिल्हा झाला त्या दिवशी जमिनीवर पडलेला खडू चाळीस वर्षांत वीतभर खाली गेला असता.

आता मातीतून खताच्या वाफ्याकडे येऊ. तिथली गांडुळे निराळी. आयसेनिया फेटिडा, युड्रिलस युजेनी या जाती शेण आणि कुजणारा पाला खातात, वरच्या थरात राहतात आणि झपाट्याने वाढतात. प्रत्येक गांडूळ नर आणि मादी दोन्ही असते, त्यामुळे जोडीतली दोन्ही गांडुळे कोष घालतात. आयसेनियाचा लिंबाच्या आकाराचा इवलासा कोष तीनेक आठवड्यांत फुटतो आणि त्यातून दोन-तीन पिल्ले निघतात. चांगल्या वाफ्यात दोन-तीन महिन्यांत संख्या दुप्पट होते.

दोन महिनेच धरा आणि एक किलोपासून सुरुवात करा. वर्षाअखेर ६४ किलो. दुसऱ्या वर्षी ४,०९६ किलो. चौथ्या वर्षाच्या शेवटी १ कोटी ६७ लाख किलो, म्हणजे जवळजवळ १७ हजार टन. अर्ध्या जिल्ह्याच्या मातीतली आपण मोजलेली सगळी गांडुळे १४ हजार टन होती. एका किलोने चार वर्षांत त्यांना मागे टाकले.

असे होत नाही, कारण पोट आडवे येते. वाफ्यातले गांडूळ रोज आपल्या वजनाच्या निम्मे खाते. १७ हजार टन गांडुळांना रोज जवळजवळ साडेआठ हजार टन शेण लागेल. गावठी गाय दिवसाला दहा किलो शेण देते असे धरले, तर साडेआठ लाख गायी हव्यात. जिल्ह्यात माणशी एक गाय! गांडुळांची वाढ त्यांच्या जननशक्तीवर अडत नाही, आपण काय खायला घालतो त्यावर अडते.

घरापुरता हाच हिशेब किती सोपा आहे पाहा. चार माणसांच्या घरात रोज माणशी दोनशे ग्रॅम ओला कचरा निघाला, तर तो रिचवायला दीड-पावणेदोन किलो गांडुळे, म्हणजे सुमारे तीन हजार, पुरतात. माडाचे झाड वर्षाला बारा-एक चुडते टाकते. हेक्टरी १७५ माड असले तर वर्षाला २,१०० चुडते. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने याच चुडतांचे गांडूळखत करून दाखवले आहे, दहा भाग पाल्याला एक भाग शेण या प्रमाणात. ओरोसजवळ किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र आहे. वाफा घालण्याआधी तिथे जाऊन विचारावे.

पण एक आकडा शेतकऱ्यापासून लपवता कामा नये. गांडूळखतात दीड टक्का नत्र धरले, तर एका टनात १५ किलो नत्र मिळते. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत ते २० किलोंहून अधिक असते. नुसत्या नत्राच्या काट्यावर तोलले तर टनभर गांडूळखत एका गोणीशीही हरते. म्हणून ते त्या काट्यावर तोलायचे नसते. गोणी पिकाला घास देते. गांडूळ मातीला रचना, हवा, पाणी आणि पुढच्या वर्षाची ताकद देते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे की जगातल्या धान्य उत्पादनात गांडुळांचा वाटा सुमारे साडेसहा टक्के आहे. कडधान्ये धरून वर्षाला १४ कोटी टन, भारताच्या एका वर्षाच्या अन्नधान्याच्या सुमारे चाळीस टक्के. ताटातल्या भाताची शंभर शिते घेतली, तर सहा-साडेसहा त्यांची.

गांडुळांच्या संख्येची दुसरी बाजूही आहे. पावसात व्हाळाच्या काठी गरी घेऊन बसलेल्या पोराच्या करवंटीत पाच-दहा गांडुळे असतात. कॅनडाच्या ओंटारिओत मात्र आमिषासाठी रात्री दिव्याच्या उजेडात वाकून वेचलेल्या गांडुळांची संख्या वर्षाला कोट्यवधींत जाते. उत्तर अमेरिकेच्या ज्या जंगलांत हिमयुगानंतर गांडुळेच नव्हती, तिथे गळ टाकणाऱ्यांनी उरलेले आमिष ओतले आणि परक्या गांडुळांनी जंगलाच्या तळाचा पाल्याचा थर खाऊन टाकला. म्हणून वाफ्यातली विकतची गांडुळे वाफ्यातच राहू द्यावीत. शेतातल्या मातीला तिथलीच गांडुळे हवीत, आणि ती विकत आणावी लागत नाहीत. भारतात गांडुळांच्या चारशेहून अधिक जाती आहेत. उन्हाळ्यात मातीतली गांडुळे ओल शोधत खोल जातात, अंगाची गाठ मारून पडून राहतात आणि मिरगाच्या पावसाने जागी होऊन वर येतात.

वर आल्यावर त्यांना काय मिळते, हे आपल्या हातात आहे. काजूच्या आणि आंब्याच्या बागेत पडलेला पातेरा आपण झाडून पेटवतो. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना, म्हणजे भाजावळीत, तर तो कवळांसकट, शेणासकट जातो. त्या धुरात गुंठ्यातल्या हजार जिवांचे वर्षाचे जेवण असते. पातेरा माडाच्या अळ्यात घाला, काजूच्या बुंध्याभोवती पसरा, त्यावर थोडे शेण टाका. एवढेच.

यंदा चार पाऊस पडून गेले की परड्यात एक फूट लांब, एक फूट रुंद आणि फावडेभर खोल खणा. माती पोत्यावर पसरून हाताने मोजा. आकडा १,०८९ ने गुणा. तुमच्या गुंठ्याचा हिशेब मिळेल. मग खड्डा बुजवा, त्याच जागी पातेऱ्याचा जाड थर घाला आणि पुढच्या मिरगानंतर तिथेच पुन्हा खणा. एकाचे दोन झालेले दिसले, तर त्या एका गुंठ्यात हजार नवे जीव कामाला लागलेले असतील.