ट्यूनिंगचा धंदा आणि इंजिनाचे कुलूप

नाशिकच्या पंचवटीतून पेठ रोड आरटीओ कार्यालयावरून पुढे जातो, सावळघाट आणि कोटंबी घाट ओलांडतो, सुमारे 55 किलोमीटरवर पेठ गाव गाठतो आणि पुढे गुजरातेत उतरतो. पेठ तालुक्यात रेल्वे नाही. इथला मजूर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातो, नागली आणि भात बाजारात जातो, आजारी माणूस नाशिकला न्यावा लागतो. हे सारे एसटी, जीप, पिकअप आणि मोटारसायकलच्या भरवशावर चालते. त्यामुळे या भागात इंजिनाचे ट्यूनिंग ही कधी हौस नव्हती. घाटात गाडीला पिकअप मिळतो की नाही आणि डिझेलचे अ‍ॅव्हरेज भाड्याच्या हिशेबात बसते की नाही, हे मिस्त्रीच्या हातावर ठरे. हा धंदा आता बसत चालला आहे. काळ बदलला, असे म्हणून तो विषय सहसा संपवला जातो. पण या घसरणीमागे दोन निरनिराळी कारणे आहेत. पहिले यंत्रातल्या सुधारणेचे आहे आणि ते स्वीकारायलाच हवे. दुसरे माहितीला घातलेल्या कुलपाचे आहे. ते माणसाने घातले आहे, म्हणून काढताही येते.

जुने ट्यूनिंग म्हणजे नेमके काय होते? पेट्रोल गाडीत कार्ब्युरेटर साफ करून हवा आणि इंधनाचे मिश्रण स्क्रूने जमवायचे, फिलर गेज लावून पॉइंट आणि प्लगची गॅप ठरवायची, डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग बसवायचे, टॅपेट सेट करायचे. वजनी हिशेबाने एक भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा लागते. मिस्त्री हे प्रमाण इंजिनाच्या आवाजावरून आणि प्लगच्या रंगावरून ओळखे. पावसाळ्यात पेठसारख्या मुसळधार पावसाच्या भागात डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल धरे आणि गाडी मिसिंग मारू लागे, तेव्हा काम आणखी वाढे. डिझेल गाडीत कसब पंप आणि नोझलचे होते. नोझल कोणत्या दाबाला उघडतो, फवारा सारखा पडतो की थेंब गळतो, पंप प्रत्येक सिलिंडरला समान डिझेल देतो का, हे टेस्ट बेंचवर पाहिले जाई. नाशिक जिल्ह्यात या विद्येला मोठा आधार होता. सातपूरच्या मायको, म्हणजे आताच्या बॉश कारखान्यात इंजेक्टर आणि नोझल बनत, इगतपुरीत महिंद्राची इंजिने बनत. ज्या जीप पेठच्या घाटात चढत, त्यांच्या इंजिनाचे ज्ञान याच जिल्ह्यात कारखान्यापासून रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत पसरलेले होते.

बदल टप्प्याटप्प्याने आला. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली तेव्हा तिच्यातही कार्ब्युरेटरच होता, त्यामुळे मिस्त्रीला नवे शिकावे लागले तरी हत्यारे तीच राहिली. खरा फरक प्रदूषणाच्या मानकांनी पाडला. 2000 पासून युरो-1 च्या तोडीची मानके देशभर आली आणि मोटारींतून कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आले. 2005 मध्ये भारत स्टेज म्हणजे बीएस-2, 2010 मध्ये बीएस-3, 2017 मध्ये बीएस-4 देशभर लागू झाले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले आणि मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. जुन्या यांत्रिक नोझलला उघडायला साधारण दीड-दोनशे बार दाब पुरे. कॉमन रेल डिझेल इंजिनात तो सोळाशे ते दोन हजार बारपर्यंत जातो आणि इंधन किती, केव्हा सोडायचे हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. पॉइंट घासून, मिश्रण जमवून पोट भरणाऱ्या पिढीचे कामही तिच्यासारख्या गाड्यांबरोबर सरत गेले.

या पहिल्या कारणाबद्दल हळहळ नको. मोटार वाहन नियमांप्रमाणे जुन्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगला 3 टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा होती. बीएस-4 पासून ती मर्यादा 0.3 टक्के आहे. हा दहापट फरक स्क्रू फिरवून साधणारा नव्हता. शिवाय जुन्या ट्यूनिंगची एक काळी बाजूही होती. क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली जीप घाट चढावी म्हणून पंप वाढवून दिला जाई. जोर येई, पण मागे काळा धूर सुटे आणि तो रस्त्याकडेच्या पाड्यांवरची माणसे श्वासात घेत. मिस्त्रीच्या कसबाचा आदर करताना हे विसरून चालणार नाही. तसेच दोन हजार बारचा इंजेक्टर धुळीत बसून उघडता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

प्रश्न दुसऱ्या कारणाचा आहे. आधुनिक इंजिनात बिघाड झाला की ईसीयू त्याचा कोड साठवून ठेवतो. सर्वसाधारण कोड स्वस्त स्कॅनरवरही दिसतो. पण कंपनीचे खास कोड, वायरिंगचे नकाशे, नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याचा क्रमांक ईसीयूत नोंदवण्याची सोय बहुतेकदा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच असते. म्हणजे सुटा भाग हातात आहे, बसवण्याचे कौशल्य आहे, पण गाडी त्याला ओळखत नाही. हा केवळ गॅरेजवाल्यांचा कांगावा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या आणि दुरुस्तीच्या बाजारात स्पर्धा दडपल्याबद्दल सुमारे 2,545 कोटी रुपये दंड ठोठावला आणि सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुली करण्यास सांगितले. पुढे अपिले झाली, दंडाचा हिशेब बदलला. पण बाजार बंदिस्त आहे हे निदान पुसले गेले नाही. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला याचा अर्थ जास्त बिल एवढाच होतो. पेठच्या पिकअपवाल्याला मात्र चेक इंजिनचा दिवा लागल्यावर गाडी घाटातून नाशिकपर्यंत न्यावी लागते, कधी टो करून, आणि त्या दिवसाचे भाडे बुडते.

यावर पहिला आक्षेप असा की माहिती खुली केली तर गाड्यांत छेडछाड वाढेल आणि हवा बिघडेल. आक्षेप गंभीर आहे, पण त्यासाठी कायदा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ प्रमाणे मालकाने गाडीत बेकायदा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुरुस्तीची माहिती देणे आणि इंजिनाचा प्रोग्रॅम बदलण्याची मुभा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली देऊन दुसरी रोखता येते. आणि कुलूप असले की हवा सुरक्षित, हा समज 2015 मध्येच मोडला. फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्यांत चाचणी ओळखून उत्सर्जन कमी दाखवणारा प्रोग्रॅम घातल्याचे उघड झाले. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या तपासणीनंतर कंपनीने 3 लाख 23 हजारांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. ती लबाडी रस्त्याकडेच्या मिस्त्रीची नव्हती, बंद पेटीच्या मालकाची होती.

दुसरा आक्षेप: मिस्त्रीच शिकायला तयार नाहीत. जे जुन्या गाड्यांवरून मारुतीवर आणि जुन्या पंपावरून टर्बो इंजिनावर आले, त्यांच्याबद्दल हे म्हणणे अन्यायाचे आहे. शिकण्यासाठी पुस्तक, उपकरण आणि परवडणारी किंमत लागते. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आणि मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण कंपनीची निदान प्रणाली बाहेर मिळत नसेल तर शिकलेला मुलगा गावात गॅरेज काढण्याऐवजी सर्व्हिस सेंटरची नोकरी शोधेल. तिसरा आक्षेप असा की विजेच्या गाड्या आल्या की इंजिनच राहणार नाही, मग ही धडपड कशाला? आज विकली जाणारी बीएस-6 पिकअप पुढची पंधरा वर्षे तरी घाटात धावणार आहे. शिवाय विजेची गाडी म्हणजे बॅटरी, मोटर आणि त्यांच्यावर आणखी मोठा संगणक. माहितीचे कुलूप आज निघाले नाही, तर ते त्या गाडीवर जास्तच घट्ट बसेल.

युरोपने 2007 च्या नियमाने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 मध्ये मतदारांनी तोच हक्क कौलाने मिळवला. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केले. त्यात मोटारीही आहेत. पण पोर्टलवरची स्वेच्छेची माहिती पुरेशी नाही, कायद्याचे बंधन हवे: माफक शुल्कात पूर्ण निदान-माहिती, आणि सुटा भाग ईसीयूत नोंदवण्याचा अधिकार. राज्याच्या वाट्याचे काम याहून सोपे आहे. आदिवासी तालुक्यांच्या आयटीआयमध्ये परवानाधारक निदान उपकरण ठेवावे आणि परिसरातल्या मिस्त्रींना ते तासाच्या भाड्याने वापरू द्यावे. जुने ट्यूनिंग परत येणार नाही आणि येऊही नये. पण इंजिनाचे दुखणे ओळखून ते बरे करणारा माणूस पेठमध्येच असावा, ही मागणी जुन्या काळाच्या ओढीतून आलेली नाही. ज्याने कष्टाच्या पैशाने गाडी घेतली, त्याचा तो हक्क आहे.