मे महिन्यात जॅकेट: ऑटिझम आणि अंगातला बिघडलेला थर्मामीटर

(या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना मध्येमध्ये जे ‘अं… म्हणजे…’ झालं, ते बरंचसं काढलंय. सगळं नाही.)

आज मागे पंख्याचा आवाज येतोय, त्याबद्दल आधीच सॉरी. रेकॉर्डिंग करताना मी पंखा बंद ठेवते, हे तुम्हाला माहितीये. आज का चालू ठेवलाय ते शेवटपर्यंत कळेलच.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. अकोला, मे महिना, मावसबहिणीचं लग्न. ज्यांनी अकोल्याचा मे पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. दुपारी दोन वाजता मांडवात कूलर फक्त आवाज करतायत आणि बायका पदराने वारा घेतायत. आणि मी? ड्रेसवर पूर्ण बाह्यांचं डेनिम जॅकेट. ड्रेसच्या बाह्यांना जी लेस होती ती मला अंगावर सुया टोचल्यासारखी वाटत होती, म्हणून वरून जॅकेट. आई तीनदा येऊन गेली. “काढ ना व ते जॅकेट, तुले पाहून मलेच घाम सुटून रायला.” मी म्हटलं, मला नाही गरम होत.

मी खोटं बोलत नव्हते. हा मुद्दा लक्षात ठेवा.

अर्ध्या तासाने मी एका भावावर विनाकारण खेकसले. मग बँडचा आवाज असह्य झाला. मग खुर्ची सापडेना म्हणून मी जमिनीवरच बसले, आणि पुढचं मला आठवत नाही. जाग आली ती दवाखान्यात, हाताला सलाइन. अंगात 102 ताप. डॉक्टरांनी विचारलं, चक्कर कधीपासून येत होती? मी म्हटलं, येत नव्हती. तहान? लागली नव्हती. डॉक्टर आईकडे बघून हसले, की पोरगी नाटकं करते. आई हसली नाही, पण घरी आल्यावर म्हणाली, “एवढं कळत कसं नाही?”

या प्रश्नाचं उत्तर मला दोन वर्षांनी मिळालं. पंचविसाव्या वर्षी माझं ऑटिझमचं निदान झालं तेव्हा.

आता जरा शरीराकडे येऊ. आपल्या अंगाचं तापमान साधारण 37 अंश सेल्सियसच्या आसपास ठेवायचं काम मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग करतो. त्वचेकडून आणि आतल्या अवयवांकडून त्याला सतत खबर येत असते. गरम झालं की तो त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंद करतो, घाम आणतो. गार झालं की वाहिन्या आवळतो, हुडहुडी भरवतो. हे सगळं आपोआप. पण या आपोआप यंत्रणेची ताकद मर्यादित आहे. उरलेलं मोठं काम आपण स्वतः करतो: सावलीत सरकतो, पाणी पितो, स्वेटर चढवतो, पंखा लावतो. म्हणजे तापमान सांभाळण्यातला मोठा वाटा हा वागण्याचा आहे. आणि ते वागणं सुरू कधी होतं? आधी ‘गरम होतंय’ असं वाटलं तरच.

गंमत बघा, मराठीत आपण म्हणतो ‘मला तहान लागली’, ‘मला थंडी वाजली’. आपण काही करत नाही, ती येऊन आपल्याला लागते, वाजते. माझ्याकडे ती येते, पण दार वाजवत नाही. थेट घर पेटल्यावर कळतं.

आतून येणाऱ्या या खबरांना, म्हणजे भूक, तहान, छातीतली धडधड, लघवी लागणं, गरम-गार, या सगळ्याच्या जाणिवेला इंटरोसेप्शन म्हणतात. आपण त्याला आतली जाणीव म्हणू. शब्द नवा वाटतो, पण त्याचं मूळ चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने 1906 मध्ये वापरलेल्या संज्ञेत आहे. ही खबर मेंदूच्या इन्सुला नावाच्या भागात जुळवली जाते. तिथे ‘तापमान वाढलं’ या कोरड्या माहितीचं ‘मला गरम होतंय बाई’ या भावनेत रूपांतर होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे पटत नसेल तर पेपरमिंटची गोळी तोंडात टाका आणि श्वास आत ओढा. तोंड गार पडलं? तापमान तेवढं उतरलेलंच नसतं. मेन्थॉल फक्त गारव्याची खबर देणारा स्विच दाबतो. या स्विचांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. तर, वाटणं आणि असणं यात फट असू शकते. सगळ्यांमध्येच. आमच्यातल्या अनेकांमध्ये ती फट जरा जास्त रुंद असते.

हे मी मनाचं सांगत नाहीये. निदानासाठी जगभर वापरलं जाणारं अमेरिकन मनोविकार संघटनेचं डीएसएम-5 हे पुस्तक 2013 मध्ये आलं. त्यात ऑटिझमच्या निकषांमध्ये संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद हा मुद्दा आला, आणि त्याच्या उदाहरणांत वेदना किंवा तापमानाबद्दल बेफिकीर दिसणं हे स्पष्ट लिहिलंय. ‘दिसणं’ हा शब्द मला आवडतो. बाहेरून बेफिकिरी दिसते. आत काय चाललंय ते वेगळं. अर्थात प्रत्येक ऑटिस्टिक माणसाला हे असतंच असं नाही. आणि काहींचं नेमकं उलटं असतं: दोन अंशांचा फरकही सहन होत नाही, घामाचा एक ओघळ पाठीवरून गेला की जीव नकोसा होतो. माझ्यात दोन्ही आहे! ऊन कळत नाही, पण एसीचा झोत मानेवर आला की मी मीटिंग सोडून उठते. ऑफिसमध्ये लोकांना वाटतं, हिचे नखरे आहेत.

मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात ना, मला तो शब्द ऐकून हसू येतं. ज्या माणसाला स्वतःला तहान लागल्याचा पत्ता नाही, तो कसला स्वतःत मग्न?

मग जॅकेट का? ते थंडीसाठी नव्हतंच. अंगावर घट्ट, जड, ओळखीचं कापड असलं की मला गर्दीत शांत वाटतं. तुमच्या घरात, वर्गात कुणी एप्रिलमध्ये हुडी घालून बसत असेल, तर त्याच्यासाठी ते कापड कदाचित आधार असेल. ते ओढून काढू नका. पातळ सुती पण पूर्ण बाह्यांचं काही देता येतं. माझ्याकडे आता आजोबांचा जुना खादीचा शर्ट आहे. आई म्हणते, रोज काय म्हाताऱ्यासारखी दिसतेस. दिसू दे.

आता थोडं गंभीर, आणि हे पालकांनाही फॉरवर्ड करा. ऑटिझममध्ये चिडचिड फार असेल तर काही मुलांना रिस्पेरिडोनसारखी औषधं दिली जातात, आणि कधी त्यांच्या जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिल. यातल्या ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येऊ शकतो, आणि रिस्पेरिडोनच्या गटातली औषधं शरीराच्या तापमान सांभाळण्यातच अडथळा आणू शकतात. म्हणजे खबर आधीच उशिरा, वर घामही कमी. औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, बिलकुल नाही. पण उन्हाळ्याआधी डॉक्टरांना ‘याने घामावर परिणाम होतो का?’ एवढं विचारा.

तापाबद्दल एक विचित्र गोष्ट. 2007 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात 30 ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास आला होता. ताप असताना बऱ्याच मुलांची चिडचिड, तेच तेच करणं कमी झाल्याचं पालकांनी नोंदवलं. ताप उतरला की पुन्हा पहिल्यासारखं. असं का होतं यावर संशोधन झालंय, पण याचा अर्थ ताप चांगला, अंगावर काढा, असा कुणी काढू नका. आणि उन्हाने अंग तापणं हा ताप नव्हेच. तापात हायपोथॅलॅमस स्वतः तापमान वाढवतो. उष्माघातात त्याच्या हातून सुटतं.

उष्माघातात अंगातलं तापमान 40 अंशांच्या वर जातं आणि माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, कोसळतो. त्याआधी डोकेदुखी, मळमळ, चिडचिड असते. अडचण ही की आमची चिडचिड बघून लोकांना वाटतं, ‘हिचं सुरू झालं’. लग्नात माझंही तसंच झालं. त्यामुळे उन्हात कुणी ऑटिस्टिक व्यक्ती अचानक बिथरली तर समजूत घालण्याआधी मान आणि पाठ हाताने तपासा, सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, 108 ला फोन लावा.

आणि मुंबई, कोकण, गोवेकरांनो, ‘आमच्याकडे कुठे 45 असतं’ म्हणून खुश होऊ नका. घाम गारवा देतो तो वाळताना. दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता वाहतो. म्हणून तर अकोल्यात कूलर चालतो आणि दादरला तोच कूलर खोलीची भट्टी करतो.

मी स्वतः काय करते? वाटण्यावर विसंबणं सोडलंय. भिंतीवर तापमान दाखवणारं एक साधं घड्याळ आहे. 30 च्या वर आकडा गेला की जॅकेट निघतं आणि पंखा लागतो, मला काहीही वाटत असो. बाटलीवर मार्करने रेघा मारल्यात, प्रत्येक रेघेपाशी वेळ लिहिलीये. हिवाळ्यात उलटं: 20 च्या खाली मोजे, कारण बोटं निळसर पडेपर्यंत मला पत्ता नसतो. आत्ता इथे आकडा 33 दाखवतोय. म्हणून पंखा.

आईला हे सगळं फोनवर समजावलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे लहानपणी तू थंड्या पाण्याने आंघोळ करून यायची, बंब पेटलेला असून, ते…” हो, ते हेच. त्यासाठी मी मार खाल्लाय. आता ती ‘तुले गरम नाही होत काय?’ असं विचारत नाही. रोज दुपारी तीनला तिचा एक शब्दाचा मेसेज येतो: ‘बाटली?’ मी रिकाम्या बाटलीचा फोटो पाठवते.

तीन वाजायला आलेत. दोन रेघा बाकी आहेत, पिते आणि थांबते.