प्रादेशिक विद्युत् जाल व नवीकरणीय ऊर्जा

निर्मिती केंद्रे, प्रेषण तारमार्ग, उपकेंद्रे व वितरण वाहिन्या यांच्या परस्परसंबद्ध यंत्रणेस विद्युत् जाल म्हणतात. कोयना जलविद्युत् प्रकल्प अथवा नाशिकजवळील एकलहरे औष्णिक केंद्र यांसारख्या मोठ्या केंद्रांतील वीज उच्च दाबाने दूरवर न्यावयाची व टप्प्याटप्प्याने दाब उतरवून ग्राहकास द्यावयाची, या एकदिश वहनाच्या कल्पनेवर महाराष्ट्रातील जाल उभारले गेले. सौर व पवन ऊर्जेमुळे ही कल्पना अपुरी ठरली आहे. उदा., धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात पवनचक्क्यांबरोबरच २०१३ मध्ये कार्यान्वित झालेला १२५ मेवॉ. क्षमतेचा सौर प्रकल्प आहे. अशा भागात निर्मिती विपुल व स्थानिक मागणी अल्प असल्याने ती वीज बाहेर नेण्यास वाढीव क्षमतेचे तारमार्ग लागतात. हरित ऊर्जा मार्गिका योजनेत २०१५ साली महाराष्ट्राचा समावेश झाला, तो याच हेतूने.

अधिक बिकट प्रश्न मात्र खालच्या स्तरावर आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेनुसार ग्रामीण उपकेंद्रांनजीक सौर प्रकल्प उभारून कृषिपंपांस दिवसा वीज देण्यात येते. निफाडसारख्या तालुक्यात बिबट्याच्या भयात रात्री पिकास पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या बदलाचे मोल विजेच्या दरापेक्षाही अधिक आहे. परंतु पावसाळ्यात पंप बंद असता दुपारी निर्माण झालेली वीज ११ केव्हो. वाहिनीतून उलट उपकेंद्राकडे वाहू लागते. वितरण तारांचा रोध तुलनेने अधिक असल्याने प्रकल्पाच्या बाजूस दाब वाढतो. यास्तव अधिक जाडीचे संवाहक, भार असतानाच दाब बदलता येणारी रोहित्रे व दोन्ही दिशांचा प्रवाह ओळखणारी संरक्षक यंत्रणा बसवावी लागते. केवळ सौर पट्टिका वाढविल्याने हे काम होत नाही, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते.

नाशिकच्या द्वारका चौकातील दिवे लागतात तेव्हा सौर निर्मिती संपलेली असते. म्हणून साठवण आवश्यक ठरते. भंडारदऱ्यानजीकचा घाटघर उदंचन प्रकल्प (२५० मेवॉ.) रात्रीच्या शिलकी विजेने पाणी वर चढवून मागणीच्या वेळी वीजनिर्मिती करण्यासाठी रचला गेला. सौर विजेचे प्रमाण वाढेल तसे उदंचन दुपारी करणे श्रेयस्कर ठरते. यंत्रे तीच, केवळ वेळापत्रक बदलते. विद्युत् घटमालाही याच कामासाठी उपयोगी पडतात व त्या क्षणार्धात प्रतिसाद देत असल्याने ५० हर्ट्‌झ ही कंप्रता राखण्यास त्यांचे साहाय्य होते. औष्णिक केंद्रातील अवजड फिरत्या घूर्णकाचे जडत्व हे कार्य आपोआप करीत असे; सौर पट्टिकेत फिरणारा भागच नसतो.